मधाच्या बिअरचे थेंब

खोकल्यासाठी मधाची बाटली उघडली की मला अंधेरीतली ती दुपार आठवते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, बाबा दिवसभर टीव्हीसमोर नुसते बसून असायचे, म्हणून मी त्यांना ओढूनच तिथल्या एका बिअर पबमध्ये नेलं होतं. काचेपलीकडे बिअर बनवायच्या तांब्याच्या टाक्या, एसीचा गारठा, आणि गिरणीत आयुष्य काढलेले बाबा उंच स्टुलावर अवघडून बसलेले. तिथेच बनलेली मधाची बिअर आली, सोनेरी, वर पातळ फेस. बाबांनी ग्लासात बोट बुडवून एक थेंब खाली शिंपडला. गेलेल्यांना दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी पहिला घोट घेत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते थांबेचनात. पुटपुटत एकेक नाव घ्यायचे आणि पुन्हा बोट बुडवायचे. “बाबा, पुरे ना, वेटर बघतोय!” “बघांदे. गिरणीतले सगळे गेले गो, कोणाक वगळू?” शेवटचं नाव आईचं होतं. तिने जन्मात बिअर चाखली नव्हती, तरी तिलाही थेंब मिळाला. मग त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाले, “मधच आसा. गोडी गेली, वास तेवढो रवलो.” बाबा गेल्यावर पहिल्यांदाच, गेल्या रविवारी, मी तिथे एकटी गेले. तीच बिअर मागवली, बोट बुडवलं, आईबाबांचे दोन थेंब शिंपडले आणि थांबले. माझी बाकीची माणसं हयात आहेत, आपापल्या घरी सुखात आहेत, आणि त्यांच्या नावाने थेंब शिंपडायची आमच्यात रीत नाही.