बांगड्याच्या वासाची तक्रार

आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंनी माशाच्या वासाबद्दल कधीही तक्रार केली नव्हती. ती तक्रार मी रचली होती. माझ्या सासूबाईंना जाऊन आता दीड महिना होईल. त्या सकाळी माझ्या पत्नीचा, संध्याचा, इस्पितळातून फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. ती एवढंच म्हणाली, "आई गेली रे..." गाडी बंद करून मी तसाच बसून राहिलो. त्यांच्याविषयी आठवावं असं कितीतरी चांगलं होतं. पण मला आधी आठवली ती माझी थाप. म्हणून लिहायलाही तिथूनच सुरुवात करतो. संध्याला हे सारं मी आता सांगितलं आहे आणि तिच्या संमतीनेच लिहितो आहे.

आई मूळच्या मालवणच्या. सासरे गेल्यावर संध्याने त्यांना कॅनडात, बर्नाबीला, आमच्या घरी कायमचं आणलं. माझं पुण्याचं घर पूर्ण शाकाहारी. पण लग्नाच्या वेळी मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, की कोण काय खातो याने मला काही फरक पडत नाही. मला तसा माणूस असणं फार आवडत होतं. प्रत्यक्षात आई दर शनिवारी बांगडे तळू लागल्या आणि कॅनडातल्या हिवाळ्यात, बंद खिडक्यांच्या आमच्या काँडोत, तो वास पडद्यांत आणि माझ्या कोटात मुक्कामाला राहू लागला. "मला त्रास होतो" एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. त्याऐवजी एका संध्याकाळी, शक्य तितक्या खेदाने, मी सांगितलं की शेजारच्या बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या होत्या, वासाबद्दल काहीतरी म्हणत होत्या... म्हणजे नाक माझं, नाव शेजारणीचं. आईंनी त्याच आठवड्यात मासे करणं थांबवलं. परक्या मुलखात आपल्यामुळे मुलीला बोल नको, इतकाच त्यांचा हिशेब. माझी भाजी मात्र त्या पूर्वीच्याच मायेने परतत राहिल्या. पाच वर्षं असंच चाललं.

मग संध्याची व्हॅलेन्सियाला परिषद निघाली. आईंनी स्पेन पाहिला नव्हता, मीही नव्हता. आम्ही तिघं गेलो आणि एक लहानसा फ्लॅट भाड्याने घेतला. संध्या सकाळी परिषदेला निघून जाई. सासू आणि जावई, दोघंही एकमेकांशी जपून बोलणारे, अशा शहरात उरत असू जिथली भाषा दोघांनाही येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तिथल्या जुन्या बाजारात नेलं. लोखंडी कमानी, रंगीत काचांचा घुमट, संत्र्यांच्या राशी, केशराच्या चिमुकल्या डब्या, आणि वर टांगलेल्या डुकराच्या तंगड्या, ज्यांच्याखालून मी मान खाली घालून चालत होतो. आई मागे राहिल्या असं वाटून वळलो, तर त्या पुढे गेल्या होत्या. पुढच्या दालनात बर्फावर मासे मांडलेले होते.

तिथे रांग अशी दिसत नव्हती. बायका इथे तिथे उभ्या, गप्पा मारत. नवी आलेली प्रत्येक बाई मोठ्याने काहीतरी विचारी, कोणीतरी हात वर करी, आणि सगळं पुन्हा शांत. फोनवर शोधून मी आईंना सांगितलं की त्या "शेवटचं कोण?" असं विचारतात, जी हात वर करते तिच्यानंतर आपला नंबर, आणि पुढची बाई विचारेल तेव्हा हात आपण करायचा. आईंना ही पद्धत फारच पसंत पडली. "उल्तिमो?" त्यांनी मालवणी ठसक्यात विचारलं आणि एका आजीबाईंनी हात वर केला. नंतर आलेल्या मुलीने विचारताच आईंनी असा हात उंचावला, की शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीनेही तसा उंचावला नसता.

नंबर येईपर्यंत त्या बर्फावर ओणवून पाहत होत्या. माकुल ओळखलं, कोळंबी ओळखली, आणि निळ्या पट्ट्यांच्या एका माशापाशी थांबल्या. "ह्यो आपलो बांगडो न्हय," त्या म्हणाल्या, "पण भावकीतलो दिसता." पांढरा एप्रन घातलेली कोळीण हसून त्यांना काहीतरी म्हणाली. मी अर्थ शोधला. ती त्यांना राणी म्हणाली होती.

"राणी? मगे राणीक भाव कमी कर म्हणान सांगा."

मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. मासे साफ करून देताना कोळणीने पिशवीत हिरवी जुडी वरून घातली आणि पैसे घेतले नाहीत. फुकटची कोथिंबीर म्हणून आई हरखल्या. मग वास घेऊन म्हणाल्या, ही ती न्हय, पण देण्याची रीत तीच. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. ज्या बाईंना मी मितभाषी समजत होतो, त्या मितभाषी नव्हत्याच. त्यांचा विषयच मी घरातून काढून टाकला होता.

फ्लॅटवर आल्यावर त्यांनी पर्समधून मालवणी मसाल्याची डबी काढली. तवा ठेवण्याआधी मात्र त्या सगळ्या खिडक्या लावत सुटल्या. मग न्हाणीघरातला टॉवेल ओला करून आणला आणि, गुडघे दुखत असताना खाली बसून, तो दाराच्या फटीत घट्ट कोंबू लागल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. मी विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, इथेही शेजारी असतीलच की...

मला ते पाहवलं नाही. मी म्हणालो, "आई, बर्नाबीला कोणी तक्रार केली नव्हती. मीच सांगितलं होतं खोटं."

त्या खालीच बसून राहिल्या. मग मान वर करून विचारलं, "मगे त्या बायेक मी दर दिवाळीक लाडू कित्याक दिलंय?"

मला ठाऊकच नव्हतं. वासाची भरपाई म्हणून त्या शेजारणीला दरवर्षी डबाभर बेसनाचे लाडू नेऊन देत, हात जोडून "सॉरी, सॉरी" म्हणत. आणि कारण काही न कळलेल्या त्या बाई त्यांना मिठी मारून घरी भाजलेला ॲपल पाय देत. आई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. उठल्या, टॉवेल पिळून वाळत टाकला, खिडक्या उघडल्या. "चेडवाक सांगू नकात," मुलीबद्दल एवढंच म्हणाल्या. मग मासे तळण्याआधी, माशाचा हात न लागलेल्या दुसऱ्या भांड्यात, माझ्यासाठी बटाट्याची भाजी केली. त्या दिवशी मला तेवढीच शिक्षा झाली.

खरं सांगणं आणि क्षमा मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं नाही. कॅनडात मी दिवसभर सॉरी म्हणतो. लिफ्टमध्ये, ग्रोसरीत, कोणी माझ्याच पायावर पाय दिला तरी. घरात, वडीलधाऱ्यांपुढे, तो शब्द मी कधी उच्चारला नव्हता. पुढची दोन वर्षं दर शनिवारी आमच्याकडे बांगडे तळले गेले आणि लाडूही शेजारी जात राहिले, आता बिनकारणाचे. मी खिडकी उघडून, स्वेटर घालून स्वयंपाकघरात बसत असे आणि त्या मला मालवणच्या बाजारातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत. ती दोन वर्षं मला मिळाली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. ती मी कमावली नव्हती, त्यांनी दिली होती.

इस्पितळात त्या अगदी थकल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी बांगड्याचं नाव काढलं. मी आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात धरला, संध्याने सांगितलं तसा मसाला लावला आणि नर्सला विचारून लहानसा तुकडा घेऊन गेलो. त्यांनी घासभरही खाल्ला नाही, पण माझा हात नाकाशी नेला. "वास येता तुमच्या हाताक," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर फार समाधान दिसलं. मी वाकून, माझ्या नेहमीच्या दबक्या आवाजात, पुटपुटलो.

"मोठ्यान सांगा. माका आयकाक येना नाय."

पडद्यापलीकडे दुसरा रुग्ण होता, त्याची माणसं बसली होती. माझी नजर तिकडे गेली. मग मी खोलीभर ऐकू जाईल असं बोललो.

"आई, तो वास मला नको होता, आणि तसं म्हणायचं धैर्य मला झालं नाही. पाच वर्षं तुमच्या ताटातला मासा मी काढून घेतला. माझं चुकलं. मला क्षमा करा."