अर्धा पडदा झाला की सुई मोडते

"मिस्त्री, पुन्यांदा मोडली."

फोनवर ना रामराम, ना सलाम. पण आवाज ओळखला. माले गावच्या संगीतावहिनी. मी पौडच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करतो. आदल्याच दिवशी त्यांचं मशीन नीट करून आलो होतो. माझ्या हातून गेलेलं मशीन दुसऱ्या दिवशी रुसलं की माझं डोकं फिरतं.

"सुई कुठली लावली?"

"तुमीच लावल्याली हाय."

"मग कापड ओढलं असेल."

"न्हाई वं! तुमचं पाय दारात हायेत तवर मशीन चालतंय. तुमी गाडीला किक मारली की सुई मोडती. आता तुमाला घरातच ठिवून घिऊ का?"

हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो.

वहिनी ताडपत्रीचे पडदे शिवतात. गिऱ्हाईक सगळं ताम्हिणीकडचं, धाब्यांचं. तिथे पाऊस वरून पडत नाही, आडवा आत शिरतो. तिन्ही बाजूंना पडदे नसतील तर भजी खायच्या आधी बशीतलं पाणी ओतावं लागतं. अशाच एका धाबेवाल्याने सगळे पडदे नवीन सांगितले होते. पहिल्या दिवशी मी मशीन उघडून बसलो होतो तेव्हाच त्याचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला.

"वहिनी, रविवारपत्तूर पडदं आलं न्हाईत तर म्या पुण्यातनं तयार आणतो. मग वरडू नका."

फोन ठेवून वहिनी माझ्याकडे वळल्या. "आमच्या मालकांनी मारुंजीचं गिऱ्हाईक बगून ठिवलंय. ही आर्डर हातची गेली की मशीन इकायचं. तवा खरं काय ते सांगा, मिस्त्री. मशीनमदीच खोट आसंल तर म्या हट सोडते."

म्हणजे मशीन राहायचं की जायचं, ते माझ्या तोंडून ठरणार होतं. असली जबाबदारी मला आवडत नाही. मी आपला स्क्रू ढिले करणारा माणूस.

पहिल्या दिवशी मी जे करायचं ते सगळं केलं होतं. सुईला नंबर असतो. नंबर मोठा तितकी सुई जाड. ताडपत्रीची कड दुमडली की चार पदर होतात, आणि वहिनी त्यात बारीक सुई घालत होत्या. ती वाकणारच. मी जाड लावली. मग टायमिंग बघितलं. सुई खाली जाते तेव्हा शटल नावाचा भाग आपल्या टोकाने तिचा दोरा उचलतो. दोघांची वेळ चुकली की ते टोक सुईलाच धडकतं. तेही जुळवलं. शेवटी ताडपत्रीच्या चिंधीवर चालवून बघितलं. भर्रकन टाके पडले.

हे चाललं असताना भिंतीपलीकडे बादली खण्णकन आपटली आणि एका बाईचा आवाज आला, "उबी ऱ्हा की गं, मुडदा बशिवला तुजा!"

"शेजारी कोण?" मी विचारलं.

"हाय कुनीतरी," वहिनी म्हणाल्या आणि कोरा चहा पुढे केला. "दूद न्हाई. म्हस तिकडं गेली."

चहा प्यालो, गाडीला किक मारली. त्यानंतर काय झालं ते फोनवर कळलंच.

दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या आधी टायमिंग बघितलं. जराही हललं नव्हतं. सुई बरोबर, दोरा बरोबर. मग मी हात झटकले.

"वहिनी, आज मी नाही चालवणार. तुम्ही शिवा. आणि चिंधी नको, पडदाच घ्या."

त्यांनी पडदा घेतला. सुरुवात झकास. हातभर शिवण झाली, दोन हात झाली. मी मनात म्हटलं, इक्बाल, यांना काहीतरी भास होतोय. तेवढ्यात कट्! सुईचा तुकडा येऊन माझ्या चष्म्यावर आदळला.

"या अल्ला!"

"बगा! म्या खोटं बोलते का?"

"रोज इथेच मोडते? एवढं शिवून झाल्यावर?"

"व्हय. आर्दा पडदा झाला की मोडती."

"मग हे काल का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं का?"

बरोबर होतं. विचारलं नव्हतं. आणि चिंधीला अर्धा पडदा कुठून होणार? ती सुरू होते न होते तोच संपते.

मी सुईखालची पट्टी काढली. तिच्या भोकातून सुई खालीवर होते. सुई वाकडी उतरली तर त्या भोकाच्या काठावर खुणा पडतात. इथल्या सगळ्या खुणा मागच्या काठावर होत्या. पुढे एकही नाही. म्हणजे सुईला कोणीतरी मागे खेचत होतं.

वाकून मागे बघितलं. शिवून झालेला पडदा टेबलामागे खाली पडला होता आणि टेबल आणि भिंत यांच्या मधल्या फटीत गच्च अडकला होता. ताडपत्री काय हलकी असते? ते सगळं वजन एका सुईवर लटकत होतं. कितीही जाड सुई लावा, मोडणारच. भिंत नवी होती. विटा उघड्या, गिलावा नाही.

"आधी मागे कापड कोण धरायचं?"

तुटलेली सुई काढण्यात वहिनींनी उगाच वेळ लावला.

"धाकटी," शेवटी म्हणाल्या. "मंगल. जाऊ माजी. ती मागं बसायची. कापड आलं की मांडीवं घ्यायची, घडी घालायची. आता वाटण्या झाल्या. मशीन आमाला आलं, म्हस त्यास्नी गेली."

"आणि सुया कधीपासून मोडतायत?"

त्यांनी विटांकडे बघितलं. "ही भित घातल्यापासनं."

मंगल बसायची नेमकी त्याच जागी भिंत उभी होती.

"मग मागे एखादं टेबल लावा."

"कुटं लावू? तुमच्या डोस्क्यावं?"

खरंच जागा नव्हती. उरली पडवी. पडवीत भिंत घातली नव्हती, पण मधोमध विटांची एक ओळ मांडून हद्द केली होती. मशीन वहिनींच्या बाजूला ठेवलं तरी कापड पलीकडच्या बाजूला पडणार होतं.

"तिच्या हद्दीत कापाड गेलं की नवा तंटा. म्या न्हाई इचारायची. मशीन गेलं तरी चालंल."

आता माझी सटकली. इतकी मेहनत करून मशीन ठणठणीत आहे, आणि ते विकलं जाणार या विटांपायी? मी पडवीत जाऊन हाक मारली, "मंगलवहिनी! ओ मंगलवहिनी!"

त्या लंगडत आल्या. नडगी काळीनिळी झाली होती.

"पायाला काय झालं?"

"म्हशीनं लाथ हानली."

संगीतावहिनींनी त्या पायाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी सगळं समजावून सांगितलं. पट्टीवरच्या खुणासुद्धा दाखवल्या. मंगलवहिनींनी हाताची घडी घालून ऐकलं. "मशीन त्येंचं हाय. म्या हात लावनार न्हाई."

"मशीनला नका लावू. कापडाला लावा."

"कापाड माज्या हद्दीत आलं तर धरीन." मग आवाज जरा उतरला. "सुई मोडती ती मला ठावं हाय. भितीतनं आयकू येतंय. रोज आयकतीया."

संगीतावहिनींनी मशीनचं एक टोक उचललं. आम्ही दोघांनी ते पडवीत आणलं. वहिनी अलीकडे बसल्या, मंगलवहिनी विटांपलीकडे. मशीनची मोटार सुरू झाली. कापड हद्द ओलांडून गेलं, मंगलवहिनींनी मांडीवर घेतलं, घडी घातली, पुढचं घेतलं. एकमेकींकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. हात मात्र काही विसरले नव्हते. पुढून वेग वाढला की मागून आपोआप वाढायचा. अर्धा पडदा झाला. पाऊण झाला. पूर्ण झाला. सुई जागेवर!

हातात तयार धरलेली नवी सुई मी परत पिशवीत टाकली.

दुसरा पडदा निम्म्यावर आला आणि गोठ्यात म्हैस ओरडली. मंगलवहिनी पाय सावरत उठायला लागल्या. संगीतावहिनींनी मोटार बंद केली.

"बस तितंच. पान्हा चोरती ती. तुला धार न्हाई द्यायची. बादली कुटं हाय?"

"तुमाला ठावं हाय की, आक्का. हुती तितंच हाय."

वहिनी विटा ओलांडून गेल्या. मला मग कळलं, म्हशीची धार आधी कोण काढत होतं.

पडदे वेळेत ताम्हिणीला पोचले. मारुंजीचं गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं. घरातली भिंत आहे तिथेच आहे, आता गिलावाही झालाय. विटांची ओळ तेवढी दिसत नाही. विचारलं तर म्हणतात, चुलीला लावल्या.

हल्ली कोणाचा सुई मोडल्याचा फोन आला की मी नंबर नंतर विचारतो. आधी विचारतो, "मागे कापड कोण धरतं?" लोकांना वाटतं, इक्बालभाईचं वय झालं.

मालेहून तो फोन परत आला नाही. मधे त्या वाटेने जाताना मी आपणहून थांबलो. पडवीत मशीन चालू होतं. मला बघून मोटार बंद झाली आणि चहा आला. दाट, दुधाचा. म्हैस कोणाची, ते मी विचारलं नाही.