वसुबारसेचा फोन
वसुबारस आली की परदेशातल्या मरीन परेडच्या फ्लॅटमधली ती संध्याकाळ आठवते. मी पितळी गाय-वासराला हळदकुंकू वाहत होते. मांसासाठी पाळलेल्या गुरांचा आहार ठरवणारी माझी लेक, म्हणजे तुमची आत्या, ऑस्ट्रेलियातल्या गोठ्याशी फोनवर बोलत होती. नव्या बैलांना घाईने भरपूर मका घातल्यामुळे त्यांची पोटं फुगली होती, आणि स्पीकरमधून त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. "नळी घालून वायू काढा, मका बंद करा, नुसतं वाळलं गवत द्या!" ती ओरडली. माझे हात जोडलेलेच राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आई, उठले गं सगळे." "देव पावला!" मी म्हटलं. "अगं, दोन-तीन महिन्यांनी कापणारच आहेत त्यांना," असं म्हणत तिने डोळे पुसले. त्या मूर्तीपुढे नेमकं काय मागावं, ते मला अजून कळत नाही.