लीलाताई आणि एकच वाडगा

माझ्या विहीणबाई लीलाताई जन्मात कुणाचं उष्टं खात नाहीत आणि कुणाला देतही नाहीत. पदवी मिळवल्यासारखा त्यांना याचा अभिमान आहे. पुण्यात ते खपून गेलं. इथे परदेशात, बॉटनी डाउन्सला मुलाकडे राहायला आल्यावरही त्यांनी त्यात तसूभर बदल केला नाही. नातीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकण्याआधी त्यांच्यासाठी केकचा तुकडा कापून बाजूला ठेवावा लागतो, कारण फुंकला की सगळा केक उष्टा. मॉलमध्ये त्या बाटलीतलं पाणी वरून तोंडात ओततात आणि शेजारच्या टेबलावरची मुलं बघत राहतात. ती कौतुकानं बघतात, अशी लीलाताईंची समजूत आहे. त्यांचा मुलगा मकरंद, म्हणजे माझा जावई, समंजस आहे; आईपुढे तोंड उघडत नाही. माझी मुलगी मृदुला पहिली काही वर्षं बोलली, मग तीही थकली.

आमची दोघींची नात श्रिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते आणि दर शनिवारी हेन्डरसनला ओकाडाबाईंकडे जपानी पद्धतीचा चहा करायला शिकते. तीन वर्षं चहा शिकतेय. आमच्याकडे हे काम मोलकरणीची पोर चार दिवसांत शिकायची. पण श्रियाचा त्यात जीव आहे, म्हणून मी काही बोलत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बाईंनी तिला सांगितलं, "घरची मोठी माणसं पाहुणी म्हणून आण आणि तू यजमान हो." नीट जमलं तर त्या तिला पुढचा वर्ग देणार होत्या. नाही जमलं तर आणखी एक वर्ष फडक्याच्या घड्या घालायच्या.

मुख्य पाहुणी मी व्हायचं ठरलं. श्रियानं आठवडाभर माझ्याकडून तयारी करून घेतली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसनी आम्हाला बिशपसमोर वाकायला शिकवलं होतं, त्यापुढे हे काहीच नव्हतं. दुसऱ्या जागेवर लीलाताई आणि शेवटी स्वतः ओकाडाबाई बसणार होत्या.

श्रियाच आम्हाला गाडीतून घेऊन गेली. वाटेत तिनं लीलाताईंना समजावलं.

"लीलाआजी, देअर इज ओन्ली वन बोल. यू सिप, यू वाइप, यू पास."

"एकाच वाडग्यातून? तिघींनी?"

"येस. इट्स स्पेशल."

"अगं, मी कधी कुणाचं उष्टं पिते का?"

"जस्ट वन डे, आजी. प्लीज."

"आणि पहिली कोण?"

"अनुराधाआजी."

लीलाताई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ओकाडाबाईंची चहाची खोली म्हणजे त्यांचं गराज. जमिनीवर चटया, भिंतीवर चित्रलिपीचा एक लांब पट आणि कोपऱ्यात चिनीमातीच्या भांड्यात एकुलती एक काटकी. ते बघून आपण भारावून जायचं असतं. आम्ही दाराशी बूट काढतोय तोवर लीलाताई गुडघ्यांची तक्रार न करता तुरुतुरु आत गेल्या आणि त्या पटाशेजारी, थेट माझ्या जागेवर, मांडी ठोकून बसल्या.

"लीलाताई, ती जागा माझी आहे."

"असू दे हो. जागेचं काय एवढं?"

ओकाडाबाईंनी नुसती मान लववली. त्यांच्याकडे पाहुण्याला उठवत नाहीत म्हणे. श्रियाचे ओठ घट्ट मिटले. मी मुकाट्यानं दुसऱ्या जागेवर बसले.

मग पाऊण तास आम्ही एक मुलगी स्वच्छ भांडी पुसते ते बघत बसलो. पूड, गरम पाणी, बांबूच्या झाडूनं घोटणं. शेवटी वाडग्यात जे तयार झालं ते हिरवं पळीवाढं पिठलं होतं. श्रियानं तो वाडगा लीलाताईंपुढे ठेवला. त्यांनी पहिला घोट घेतला. रीतीप्रमाणे श्रियानं जपानीत विचारलं आणि लगेच आजीसाठी इंग्रजीत, "हाउ इज द टी?"

"साखर राहिली गं."

मी हात पुढे केला, पण लीलाताई थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओकाडाबाईंकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तो तिघींचा चहा गटागटा एकट्यांनीच संपवला. बोटानं कड पुसली आणि रिकामा वाडगा माझ्या हातात दिला.

"आपलं उष्टं पाहुण्यांना कसं द्यायचं? तेवढं कळतं मला," त्या हळूच म्हणाल्या.

श्रिया चुलीपाशी पांढरीफटक होऊन बसली होती. मी वाडगा उचलला, ओठांना लावला, काही नसलेलं तीनदा प्यायले, कड पुसली आणि पुढे दिला. ओकाडाबाईंनी आत पाहिलं. मग त्याही तितक्याच गंभीरपणे प्यायल्या आणि त्यांनी वाडगा परत केला. त्या दुपारी जे चाललं होतं त्यात हे काही फारसं वेगळं नव्हतं.

सगळं आवरल्यावर बाईंनी श्रियाला बाजूला घेतलं. मी दाराशी बूट घालत होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"आजी का थांबल्या नाहीत?"

श्रियानं उष्ट्याचा सगळा प्रकार सांगितला.

"हे तुला आज कळलं?"

"नो. आय हॅव ऑलवेज नोन."

"मग वाडगा एकच का? तीन पाहुण्यांना तीन वाडगे असाही चहा असतो. तो तुला येतो." बाई जराही रागावलेल्या नव्हत्या. "तुझा हात चांगला आहे. पाहुणा तुला अजून दिसत नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये बघू."

काही नसलेला चहा मी उगीचच प्यायले होते.

परतताना श्रियाच गाडी चालवत होती. महामार्गाला लागल्यावर लीलाताईंनी विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

श्रियानं न रडता, शब्दन् शब्द सांगितलं.

"बरोबर बोलली," लीलाताई म्हणाल्या. "मी जाताना दुसरं काय सांगत होते? शहाणी आहे बाई." मग छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "धडधडतंय मला. पुढच्या वर्षी माझा वाडगा वेगळा ठेव. आणि इतका घट्ट नको करूस."

श्रिया समोरच्या रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाली, "ओके, आजी."