तिप्पण्णांनी परत केलेला चहा

हुलसूरच्या तिप्पण्णांनी आयुष्यभर लोकांच्या सोयरिकी जुळवल्या, त्या चहाच्या जोरावर. तिकडची रीतच तशी. मध्यस्थाने मुलाच्या घरी चहा घेतला की बोलणी पुढे सरकायची; कप परत गेला की सोयरीक मोडली. म्हणून चहा पाणचट असो की माशी काढलेला, अण्णा बशीत ओतून भुरकून मोकळे होत.

२००८ साली त्यांचे हात थरथरू लागले, पायांचे स्नायू आपोआप उडू लागले, घामाने सदरा भिजू लागला. अण्णांच्या अंगात आलंय म्हणून शेजारी नारळ घेऊन आले. मुलगी नेत्रावती मात्र त्यांना गुलबर्ग्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पाहिल्या. एक गोळी उदासीवरची, बायको गेल्यापासून चालू असलेली; दुसरी वेगळ्याच डॉक्टरने दिलेली गुडघेदुखीची. दोन्हींनी मिळून मेंदूतलं सेरोटोनिन नको तितकं वाढवलं होतं. बाईंनी गुडघ्याची गोळी बंद केली.

"चहा किती घेता?"

"दोन कप."

"अप्पा, भायेरचा धरा की!" नेत्रावती म्हणाली.

"भायेरचा चहा नसतोय. त्यो मान असतोय."

हा मान मोजून झाल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. चहातल्या कॅफीनचाही यात हात असू शकतो, म्हणाल्या. संशोधन चाललंय, नोंदलेले रुग्ण मोजकेच आहेत, पक्कं काही नाही. तोवर चहा बंद.

"पक्कं न्हाई तर बंद कामून करायलाव?" अण्णा भडकले. पक्कं माहीत नसताना आपणही ढीगभर लग्नं लावली, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही. चहाला शिवायचं नाही म्हणून नेत्रावतीने त्यांना गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घातली.

हातांची थरथर थांबली. मग मुडबीच्या जगदेवप्पांकडे जायची वेळ आली, तीही नेत्रावतीच्याच सोयरिकीसाठी. मुलगा पुण्याला कंपनीत, घर पक्कं, सासू नाही. असं स्थळ पुन्हा मिळायचं नव्हतं. एका कपाने कोण मरतंय, असं म्हणतच अण्णा बसमध्ये चढले.

चहा आला. वेलदोड्याच्या वासाने अण्णांचा जीव कासावीस झाला. हात कपापर्यंत गेला, पण शपथ आडवी आली. पोरीचा भयंकर राग आला. हिच्या शपथेपायी हिचंच लग्न मोडणार होतं. त्यांनी कप मागे सारला. आजाराचं सांगायला ते तोंड उघडणार, तोच जगदेवप्पांचा चेहरा उतरला.

"कुणी सांगिटलं तुमाला?" ते पुटपुटले. "पुण्यातल्या त्या बाईला सोडणार हाय पोरगा, अण्णा. लेकरू बी तिच्याकडंच ऱ्हाणार हाय."

अण्णांनी ओठांवर आलेलं सेरोटोनिन गिळलं आणि चपला घातल्या.

बसमध्ये ते एकटेच हसत सुटले. पोरगी वाचली होती. मग त्यांना आपण जुळवलेल्या एकेका घरच्या मुली आठवू लागल्या. प्रत्येकीच्या सासरी त्यांनी मुकाट चहा भुरकला होता, म्हणून तिथे कुणावर काही कबूल करायची वेळच आली नव्हती. हसू थांबलं. मांडीवरचे हात पुन्हा थरथरायला लागले. आज तर त्यांनी चहाचा थेंबही घेतला नव्हता.