दुधाची दाढ
विश्रामबागेत दातांच्या दवाखान्यात लवंगतेलाचा वास आला आणि मला सांगलीतलं ते हॉकीचं मैदान आठवलं. चौदा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती. मी पाटणकडून खेळत होते आणि मध्यंतरापर्यंतचे सगळे गोल माझेच होते. माईकवरचे सर चेकाळून ओरडत होते, "टीव्हीवर इंडियाच्या पोरी खेळत्यात, तश्शी खेळतीया ही!" आम्ही तांबड्या धुळीत बसून संत्र्याच्या फोडी चोखत होतो, तेवढ्यात समोरच्या संघातल्या एका मुलीचे वडील तरातरा पंचांकडे आले. कवठे महांकाळचे बैलांचे व्यापारी होते ते. "इंडियावानी खेळती, म्हंजी ही चौदाच्या आतली न्हाई. दाखला कुणीबी करून आणतंय. दात बघू द्या." पंचांनी त्यांना झापलं, पण तोवर सगळेच माझ्याकडे संशयानं बघायला लागले होते, आमच्या मुलीसुद्धा. मला असा राग आला की मीच त्यांच्यापुढं जाऊन आ केला. बैल पारखावा तसे ते मान वाकडी करून वाकले. "आयला, दुधाची दाढ हाय की अजून!" मला वाटलं, मिटलं. पण ते डोळे बारीक करत मागं सरले आणि म्हणाले, "मग काठीत काय तरी हाय. काठी बघा!" आज अक्कलदाढ काढायला खुर्चीत आ करून बसले आणि हसू आलं. इंडियाकडून मी कधीच खेळले नाही. माईकवरचे सर नुसते बोलत होते. ती तुलना मनापासून खरी मानली, ती त्या एकट्या माणसानं.