बरणीतला रानगुलाब

माझी भाची सुजाता टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम करते. परवा तिनं माझ्या हातात काचेची एक बरणी ठेवली. आत जेलीसारख्या थरावर बोटभर उंचीच्या हिरव्या फुटव्यांची दाटी होती.

"मामा, ओळख बघू."

मला ओळखू येईना. तो आमच्या घाटातला रानगुलाब निघाला. रस्ता रुंद करताना त्याची जाळी उपटली गेली. त्याआधी सुजातानं तिची एक काडी आणून ठेवली होती, त्या काडीचा हा पसारा.

मी बरणी उजेडात धरली. "काटे कुठे गेले गं याचे?"

"इथे कोण येणारे त्याला खायला?" ती हसली. "मुळंही नाहीत अजून. फुटव्याचं संप्रेरक दिलं की नुसता फुटत राहतो. मुळांचं वेगळं असतं, ते दिल्यावर मुळं येतील."

लहानपणी या जाळीनं हात रक्तबंबाळ केल्याशिवाय मला एक फूल दिलं नव्हतं. आता थेंबभर औषध म्हणेल तसं ती निमूट वागत होती. वाचली, याचा आनंद व्हायला हवा होता. पण मुळं आली तरी ती रोवायची कुठे? घाटात तिच्या जागी आता सिमेंटची भिंत आहे.

फळ्यांवर बरण्याच बरण्या होत्या. "एकूण किती झाडं झाली?"

सुजातानं फळ्यांवरून नजर फिरवली. "खूप. पण सगळी त्या काडीचीच ना, मामा. म्हणजे तसं एकच."

बरणी परत ठेवताना मी नकळत बोटांकडे पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता.